क्षयाचे औषध आणि क्षयाचे मूळ



विज्ञानाने रोग जिंकला, असे वाक्य सभासंमेलनांतून नेहमी ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. रॉबर्ट कॉख याने १८८२ साली क्षयाचा जंतू जगाला दाखविला. १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात, मातीतील सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणाऱ्या आल्बर्ट शॅट्झ आणि सेल्मन वॅक्समन यांच्या हाती स्ट्रेप्टोमायसिन लागले आणि १९५२ साली आयसोनायझिड आले. क्षय औषधाने बरा होतो हे माहीत होऊन आता सात दशके उलटली. तरीसुद्धा जगात दरवर्षी क्षयाने आजारी पडणाऱ्या माणसांपैकी सुमारे चतुर्थांश माणसे एकट्या भारतातली असतात. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा मात्र चतुर्थांशापेक्षा बराच कमी आहे. हे ज्ञान रोग्यापर्यंत पोहोचताना मध्ये कोण उभे राहते, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ वैद्यकाचा राहत नाही. तो मालकीचा आणि वाटपाचा प्रश्न होतो, आणि म्हणून राजकारणाचाही.

या प्रश्नाची सुरुवात एका अभिमानास्पद प्रयोगापासून करावी हे उचित. १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. त्या काळी क्षयरोग्याने सॅनिटोरियममध्ये जावे, महिनोन्महिने पडून राहावे, दूध-अंडी खावीत आणि थंड हवा घ्यावी, असा शास्त्रार्थ होता. हा शास्त्रार्थ ज्यांच्यासाठी लिहिला गेला ते लोक वेगळे आणि क्षयाने मरणारे लोक वेगळे, ही गोष्ट सर्वांना दिसत होती; पण तिला वैज्ञानिक उत्तर कोणी शोधले नव्हते. मद्रासच्या संशोधकांनी शहरातील दरिद्री वस्त्यांतले रोगी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला सॅनिटोरियममध्ये ठेवले आणि दुसऱ्याला त्याच्या कोंदट खोलीत, त्याच्या अपुऱ्या जेवणावर राहू दिले. औषध दोघांनाही तेच, आणि मुदतही सारखीच एक वर्षाची. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सॅनिटोरियममधल्या रोग्यांचे वजन अधिक वाढले. पण रोग बरा होण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. घरी राहिलेल्या रोग्यांच्या कुटुंबीयांना त्यामुळे अधिक प्रमाणात लागण झाली, असेही पुढील वर्षांच्या पाहणीत दिसले नाही.

साऱ्या जगाची क्षयचिकित्सा या निष्कर्षाने बदलली. सॅनिटोरियमे ओस पडू लागली आणि श्रमिकाच्या झोपडीतच त्याचा उपचार करता येतो हे सिद्ध झाले. गरिबाच्या परिस्थितीला दोष न देता त्या परिस्थितीतच उत्तर शोधणारे विज्ञान कसे असते, याचे याहून चांगले उदाहरण स्वातंत्र्योत्तर काळात क्वचितच सापडेल. तथापि याच प्रयोगातून राज्यकर्त्यांनी एक सोयीस्कर अर्थही काढला. अपुऱ्या अन्नावरचा रोगीसुद्धा गोळ्यांनी बरा होतो, तर मग अन्नाची काळजी सरकारने करण्याचे कारण काय? प्रयोगाने असे काही म्हटले नव्हते. झालेला रोग औषधाने हटतो एवढेच त्याने सांगितले होते. रोग मुळात कोणाला होतो, हा त्याचा विषयच नव्हता. या गोष्टीकडे पुन्हा यावे लागेल.

त्याच सुमारास दुसरा एक समजही खोटा ठरला. अडाणी जनता दवाखान्यात येतच नाही, अशी सुशिक्षितांची तक्रार असते. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील समाजशास्त्रज्ञ स्टिग अँडरसन आणि डॉ. देबबर बॅनर्जी यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसले ते असे, की क्षयाची लक्षणे असलेल्या खेडूतांपैकी निम्म्याहून अधिक जण आपण होऊन उपचारासाठी गेलेले होते. दवाखान्याने त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठविले होते. अडाणी कोण होते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता औषधाच्या मालकीकडे वळू. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा या देशात १९११ चा ब्रिटिश पेटंट कायदा लागू होता. औषधावर १६ वर्षे मक्तेदारी आणि परदेशी कंपन्यांना मोकळे रान, असे त्याचे स्वरूप होते. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली सरकारला जो अहवाल दिला त्यात सत्य उघडे केले. देशातील ८० ते ९० टक्के पेटंटे परकीयांच्या मालकीची होती आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांचा येथील उत्पादनासाठी वापरच होत नव्हता. पेटंट घ्यायचे ते येथे माल तयार करण्यासाठी नव्हे, दुसऱ्याने तो करू नये यासाठी. याच काळात अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीने औषधांच्या किमतींची चौकशी केली, तेव्हा भारताची गणना सर्वांत महाग औषधांच्या देशांत झाली. दरडोई उत्पन्नात जो देश तळाशी, तो औषधांच्या किमतीत वरच्या रांगेत! हा चमत्कार बाजाराच्या नियमांनी घडविला नव्हता. तो कायद्याने घडविला होता.

या मक्तेदारीला पहिले खिंडार महाराष्ट्राच्या भूमीवर पडले. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पुढे तेथे स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. आज ज्या पिंपरी-चिंचवडला औद्योगिक नगरी म्हणून मिरविले जाते, तिच्या उभारणीच्या प्रारंभी हा सरकारी कारखाना होता, याचा पुष्कळांना विसर पडला आहे. तेथे केवळ परदेशी कृतीबरहुकूम माल तयार होत नव्हता. कारखान्याच्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. थिरुमलाचार यांनी पिंपरीच्याच मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा केला, त्याला पिंपरीचेच नाव दिले आणि त्यापासून बुरशीच्या रोगांवरील हामायसिन हे औषध निघाले. सरकारी कारखान्यात संशोधन होत नसते, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी या मातीची आठवण ठेवावी. १९६१ साली सोव्हिएत साहाय्याने आयडीपीएल ही दुसरी सार्वजनिक कंपनी स्थापन झाली आणि हृषीकेश व हैदराबाद येथे तिचे मोठे कारखाने निघाले.

अय्यंगार अहवालाच्या पायावर १९७० चा पेटंट कायदा उभा राहिला. तो १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या वस्तूवर पेटंट द्यायचे नाही, ती बनविण्याच्या रीतीवर फक्त द्यायचे, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षे, हे त्याचे मर्म. दुसऱ्या रीतीने तेच औषध बनविण्याची मुभा भारतीय रसायनशास्त्रज्ञांना मिळाली आणि एका पिढीच्या आत भारत औषधे आयात करणाऱ्या देशाऐवजी निर्यात करणारा देश झाला. २००१ साली सिप्ला या मुंबईच्या कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला. त्या वेळी पाश्चात्त्य कंपन्या त्याच उपचारासाठी १० हजार डॉलर आणि त्याहूनही अधिक रक्कम घेत होत्या. आफ्रिकेतील लक्षावधी माणसे आज जिवंत आहेत, त्यामागे दिल्लीच्या संसदेने १९७० साली केलेला एक कायदा आहे.

परंतु कंपनी भारतीय झाली म्हणजे औषध जनतेचे झाले, असा भोळा समज समाजवाद्यांनी तरी बाळगू नये. १९७४ साली नेमलेल्या जयसुखलाल हाथी समितीने पुढील वर्षी अहवाल दिला. बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण करावे, अत्यावश्यक औषधांची आटोपशीर यादी करून तीवर उत्पादन केंद्रित करावे आणि व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून औषधे मूळ नावाने विकावीत, अशा तिच्या शिफारशी होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी काढली ती त्यानंतर दोन वर्षांनी, १९७७ साली. हाथी समितीच्या अहवालाचे काय झाले? १९७८ साली जनता सरकारने औषधधोरण जाहीर केले. मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारखी समाजवादी चळवळीतून आलेली माणसे त्या मंत्रिमंडळात होती. राष्ट्रीयीकरणाची शिफारस बाजूला ठेवली गेली. चळवळीने आपल्या इतिहासातले हे पान उलटून पुढे जाऊ नये. शेजारच्या बांगलादेशाने १९८२ साली, डॉ. जफरुल्ला चौधरी यांच्यासारख्यांच्या प्रेरणेने, १,७०० च्या आसपास निरुपयोगी आणि घातक औषधे एका फटक्यात बाद करण्याचे ठरविले. लष्करी राजवटीला जे सुचले ते आपल्या लोकशाहीला साधले नाही, हे बोचणारे आहे.

किंमत-नियंत्रणाची कथा तर आकड्यांतच सांगून संपते. १९७९ च्या आदेशाखाली ३४७ औषधे नियंत्रित होती; १९८७ साली ती १४२ उरली आणि १९९५ साली ७४. २०१३ च्या आदेशाने यादी वरवर पाहता पुन्हा वाढली, पण नियंत्रणाचे तत्त्वच बदलण्यात आले. पूर्वी उत्पादनखर्च पाहून किंमत ठरत असे. आता बाजारात चालणाऱ्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी हीच कमाल किंमत. दहा जण मिळून ग्राहकाला लुबाडीत असतील, तर त्या लुबाडणुकीची सरासरी काढून तिच्यावर सरकारी शिक्का मारावा, असा हा प्रकार आहे.

मधल्या काळात जागतिक व्यापार संघटना आली. १९९५ च्या करारामुळे २००५ पासून भारताला औषधाच्या वस्तूवर २० वर्षांचे पेटंट पुन्हा मान्य करावे लागले. मात्र त्या वर्षीच्या कायदादुरुस्तीत डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे काही संरक्षणे टिकली. त्यांतले कलम ३ (ड) सर्वांत मोलाचे. जुन्याच औषधाचे रूप थोडे बदलून नवे पेटंट मागता येणार नाही. रोगावरील परिणाम खरोखर वाढला असेल तरच ते मिळेल, असे हे कलम सांगते. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधासाठी नोव्हार्टिस कंपनीने या कलमाविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली. तिच्या औषधाचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात आणि भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ-दहा हजार रुपये. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी कंपनीचे अपील फेटाळले. त्याआधी मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून बायर कंपनीच्या नेक्साव्हर या औषधासाठी सक्तीचा परवाना देण्यात आला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकले जाणारे औषध ८,८८० रुपयांत देण्याची अट नॅटको या भारतीय कंपनीवर घालण्यात आली. भारताने दिलेला हा पहिला सक्तीचा परवाना. त्यानंतर दुसरा दिला गेलेला नाही. कलम कायद्यात आहे, पण त्याला हात लावण्याची छाती राज्यकर्त्यांत नाही.

आणि क्षयाचे काय? जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर अनेक वर्षे जी इंजेक्शने दिली जात, त्यांनी कित्येकांची श्रवणशक्ती कायमची गेली. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोन तरुणी क्षयातून वाचल्या, पण ऐकणे गमावून बसल्या. त्या इंजेक्शनांची जागा घेऊ शकणारे बेडाक्विलिन हे औषध जॉन्सन अँड जॉन्सनच्या मालकीचे होते. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत होते. कंपनीने त्याच औषधाच्या क्षारावर आणखी एक पेटंट मागितले, म्हणजे मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. या दोघींनी भारतीय पेटंट कार्यालयात हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज नामंजूर झाला. मूळ पेटंट संपल्यावर काही आठवड्यांतच, गरीब देशांसाठी क्षयाची औषधे खरेदी करणाऱ्या जागतिक यंत्रणेला कंपनीने हेच औषध निम्म्याहून कमी किमतीत देऊ केले. आदल्या महिन्यापर्यंतची किंमत कशासाठी होती, याचा खुलासा कंपनीने करण्याची गरज उरलेली नाही.

नफा नसेल तर संशोधन कोण करील, हा आक्षेप या ठिकाणी हमखास येतो. त्याचा विचार केला पाहिजे, कारण औषध शोधायला खरोखरच पैसा आणि काळ लागतो. पण स्ट्रेप्टोमायसिन विद्यापीठात सापडले. त्याच्यावरील एकाच कंपनीचा हक्क सोडवून घेऊन ते अनेकांना बनवू द्यावे, असा आग्रह वॅक्समनने धरला आणि म्हणूनच ते लवकर स्वस्त झाले. बेडाक्विलिन कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडले हे खरे, परंतु त्याच्या विकासासाठी सार्वजनिक निधीतून झालेली एकूण गुंतवणूक कंपनीच्या गुंतवणुकीपेक्षा अधिक होती, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. खर्च समाजाचा आणि मालकी कंपनीची, ही विभागणी निसर्गनियम नव्हे.

पिंपरीची पुढची हकीकत दुःखद आहे आणि तिचा सगळा दोष परकीयांवर टाकता येणार नाही. सार्वजनिक कारखान्यांत नोकरशाही माजली, यंत्रसामग्री जुनी होऊ दिली गेली, निर्णय दिल्लीत अडकले. नव्वदीनंतर आयात खुली झाल्यावर चीनचे स्वस्त पेनिसिलिन आले, आणि ते बनविणारे देशातले कारखाने, सरकारी तसेच खाजगी, एकामागून एक थंडावले. पिंपरीच्या कामगारांचे पगार महिनोन्महिने थकले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयडीपीएल बंद करण्याचा आणि हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची जादा जमीन विकून देणी भागवून कंपनी विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर चारच वर्षांनी, २०२० साली, कोरोनाच्या काळात चीनवरील अवलंबनाची जाणीव झाली आणि मूळ औषधद्रव्ये देशात बनविण्यासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर झाली. त्या यादीत पेनिसिलिन होते. १९५५ साली जे पिंपरीत होत होते, तेच पुन्हा सुरू करण्यासाठी सरकारी तिजोरी खाजगी उद्योगांपुढे उघडण्यात आली.

औषध बनले, स्वस्त झाले, तरी ते दवाखान्याच्या कपाटात असावे लागते. तमिळनाडूने १९९४ साली स्वतंत्र महामंडळ स्थापून मूळ नावाच्या औषधांची एकत्रित खरेदी, तपासणी आणि गोदामांमार्फत वाटप अशी चोख व्यवस्था बसविली. तिच्यात क्रांतिकारक असे काही नाही. जमाखर्च आणि साठ्याची नोंदवही नीट ठेवली, एवढेच. राजस्थानने २०११ साली तोच धडा गिरविला. महाराष्ट्राने मात्र खरेदीचे काम २०१७ साली हाफकिनकडे दिले, मग २०२३ साली त्यासाठी नवे प्राधिकरण काढले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयातील मृत्यूंमुळे औषधांच्या तुटवड्याचा आणि रिक्त पदांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून हाती घ्यावा लागला. ज्या परळमध्ये हाफकिन संस्था उभी आहे, ज्या वाल्डेमार हाफकिनने १८९७ साली मुंबईत प्लेगची लस तयार करून ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, त्या नावाचा उपयोग निविदा काढण्यासाठी व्हावा, हेही काळाचे एक चिन्ह मानावे लागेल.

आता अन्नाकडे. मद्रासच्या प्रयोगानंतर सहा दशकांनी, २०१९ ते २०२२ या काळात, डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने झारखंडच्या चार जिल्ह्यांत एक मोठा प्रयोग झाला. २,८०० क्षयरोगी आणि त्यांच्या घरांतली १०,३४५ माणसे त्यात होती. रोग्यांना औषधाबरोबर दरमहा तांदूळ, डाळ, दूध भुकटी, तेल असा दहा किलोंचा शिधा देण्यात आला. निम्म्या गावसमूहांत घरातल्या निरोगी माणसांनाही माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ मिळाली. २०२३ साली निष्कर्ष आले. ज्या घरांना शिधा मिळाला, तेथील माणसांत क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि थुंकीत जंतू सापडणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी घटले. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्यांचे वजन पाच टक्के वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. ही लस नव्हती. तो किराणा होता.

मद्रासचा प्रयोग आणि झारखंडचा प्रयोग यांत विरोध नाही. पहिल्याने झालेल्या रोगाचा उपाय सांगितला, दुसऱ्याने रोगाचे मूळ दाखविले. १८४८ साली अप्पर सायलेशियातील तापाच्या साथीची चौकशी करायला गेलेल्या रुडॉल्फ विर्शोने औषधांची यादी न देता शिक्षण, स्वातंत्र्य आणि सुस्थिती यांची मागणी केली, तेव्हा प्रशियाच्या सरकारला तो राजकारणी वाटला होता. आता त्याच गोष्टीला यादृच्छिक चाचणीचा पुरावा मिळाला आहे, एवढाच फरक.

त्या पुराव्याचे शासनाने काय केले? क्षयरोग्याला एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये करण्यात आले. २०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करण्याची घोषणा झाली होती. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. शिध्याची टोपली देण्यासाठी २०२२ साली ‘निक्षय मित्र’ या नावाने दात्यांना आवाहन करण्यात आले. दाता मिळाला तर टोपली, नाही मिळाला तर नाही. उपचार हा हक्क आणि जेवण ही देणगी, अशी ही वाटणी आहे. वस्तुतः २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य देणारी रेशन दुकाने गावोगाव आहेत, क्षयरोग्यांची नावनिशीवार नोंदही सरकारच्या संगणकावर आहे. कमी आहे ती माणशी दीड किलो डाळ. क्षयरोग्याच्या घरातील प्रत्येक माणसाला ती रेशन कार्डावर, औषध चालू असेतोपर्यंत आणि त्यानंतर निदान सहा महिने मिळाली पाहिजे, ही मागणी घेऊन तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनी तहसील कचेऱ्यांवर जावे. हिशेब कोणीही मागितला तर झारखंडचा हिशेब तयार आहे.